थिसलगॉर्म : तांबड्या समुद्राच्या तळाशी थांबलेले महायुद्ध

१/ इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या टोकाजवळ, तांबड्या समुद्राच्या पोटात, लष्करी मालमोटारी अजून रांगेने उभ्या आहेत. त्यांच्या हौद्यांत मोटारसायकली एकमेकींना खेटून लावलेल्या आहेत आणि त्यांच्या चाकांच्या आऱ्यांमधून मासे ये-जा करतात. जगभरातील हजारो हौशी पाणबुडे दरवर्षी हे दृश्य पाहण्यासाठी खाली उतरतात. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी बुडालेल्या 'एस. एस. थिसलगॉर्म' या ब्रिटिश मालवाहू जहाजाचा हा सांगाडा. महायुद्धाने त्याला एका रात्रीत बुडवले. कीर्ती मात्र त्याला गेली काही दशके सावकाश झिजवत आहे.

२/ थिसलगॉर्मचा जन्म ईशान्य इंग्लंडमधील संडरलँडचा. जोसेफ थॉम्पसन अँड सन्स यांच्या गोदीत ते बांधले गेले आणि एप्रिल १९४० मध्ये पाण्यात उतरले. लांबी सुमारे १२६ मीटर, नोंदणीकृत क्षमता ४,८९८ टन, आणि ओढायला वाफेचे इंजिन. खर्चाचा काही भार ब्रिटिश सरकारने उचलला होता, कारण युद्धकाळात मालवाहू जहाज हीसुद्धा लढाईची सामग्रीच होती. पिछाडीवर तोफ बसवून त्याला 'सशस्त्र मालवाहू' करण्यात आले आणि ती चालवण्यासाठी नौदलाचे गोलंदाज दिमतीला देण्यात आले.

३/ जहाजाची मालक 'अल्बिन लाइन' ही कंपनी आपल्या जहाजांची नावे 'थिसल' या शब्दाने सुरू करीत असे. थिसल म्हणजे स्कॉटलंडचे राष्ट्रीय चिन्ह असलेले काटेरी फूल. 'गॉर्म' हा गेलिक भाषेतील निळ्या रंगाचा शब्द. निळे काटेफूल, असा नावाचा अर्थ. या घराण्यातले 'थिसलगार्थ' ऑक्टोबर १९४० मध्ये, तर 'थिसलग्लेन' सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिकमध्ये बुडवले. थिसलगॉर्मचा क्रमांक त्यानंतर महिन्याभरातच लागला.

४/ पहिल्या तीन फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या. अमेरिकेहून पोलादी रूळ आणि विमानांचे भाग, अर्जेंटिनाहून धान्य, वेस्ट इंडीजहून रम असा माल जहाजाने वाहून आणला. लढणाऱ्या बेटाला काय काय लागते, याची ही यादी बोलकी आहे. चौथ्या फेरीत दिशा उलटली. आता ब्रिटनमधून माल बाहेर जाणार होता, आणि तो जाणार होता उत्तर आफ्रिकेतील वाळवंटात लढणाऱ्या सैन्याकडे.

५/ अडचण वाटेची होती. नकाशावर ब्रिटनहून इजिप्तला जाणारा सरळ मार्ग भूमध्य समुद्रातून जातो. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि तो मार्ग व्यापारी जहाजांसाठी जवळपास बंद झाला. उरला वास्को द गामाचा जुना रस्ता : संपूर्ण आफ्रिका खंडाला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून तांबड्या समुद्रात शिरायचे आणि दक्षिणेकडून सुएझ गाठायचे. काही आठवड्यांचा प्रवास त्यामुळे काही महिन्यांवर गेला.

६/ थिसलगॉर्मने २ जून १९४१ रोजी ग्लासगो सोडले. त्याच्या आदल्याच दिवशी, १ जूनला, क्रीट बेटावरून ब्रिटिश सैन्याची माघार संपली होती आणि ते बेट जर्मनीच्या ताब्यात गेले होते. क्लाइड नदीतून बाहेर पडणाऱ्या खलाशांच्या दृष्टीने ही दूरच्या आघाडीवरची एक वाईट बातमी, एवढेच. परंतु चार महिन्यांनी त्यांच्या जहाजावर बॉम्ब टाकणारी विमाने याच क्रीटवरून उडाली.

७/ जहाजाच्या पोटात काय होते? बेडफर्ड मालमोटारी, युनिव्हर्सल कॅरिअर नावाच्या हलक्या चिलखती गाड्या, नॉर्टन आणि बीएसए कंपन्यांच्या मोटारसायकली, रायफली, दारूगोळा, विमानांचे सुटे भाग, बिनतारी यंत्रणेचे साहित्य आणि रबरी बुटांचे ढीग. वरच्या डेकवर दोन वाफेची रेल्वे इंजिने, त्यांचे कोळशाचे टेंडर आणि पाण्याचे वाघिणे. ही रेल्वेसामग्री इजिप्तच्या रेल्वेसाठी होती. वाळवंटातल्या लढाईत पाणी आणि इंधन आघाडीवर पोचवणे हेच अर्धे युद्ध होते.

८/ केपटाउनला इंधन घेऊन जहाज आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने वर आले. 'एच. एम. एस. कार्लाइल' ही क्रूझर ताफ्याच्या सोबतीला होती. सप्टेंबर १९४१ मध्ये थिसलगॉर्मने गुबाल सामुद्रधुनीत, शाब अली या प्रवाळखडकाच्या आडोशाला नांगर टाकला. सुएझ कालव्यात अपघात होऊन वाहतूक अडली होती, त्यामुळे उत्तर तांबड्या समुद्रात जहाजांची गर्दी साचली होती. लष्करी नोंदींत या जागेचे नाव होते 'सुरक्षित नांगरवाडा एफ'. त्यातील 'सुरक्षित' या शब्दावर विसंबून थिसलगॉर्म तेथे दिवस मोजत उभे राहिले.

९/ याच सुमारास जर्मन हेरखात्याला कुणकुण लागली होती, की अधिक कुमक घेऊन एक मोठे सैनिकवाहू जहाज इजिप्तच्या वाटेवर आहे. त्याच्या शोधात क्रीटवरून दोन हाइंकेल बॉम्बफेकी विमाने निघाली. सैनिकवाहू जहाज काही सापडले नाही. चांदण्यात नांगरलेले थिसलगॉर्म सापडले. ६ ऑक्टोबरच्या रात्री दीडच्या सुमारास दोन बॉम्ब पिछाडीकडील चौथ्या कप्प्यावर पडले. नेमका त्याच भागात दारूगोळा होता.

१०/ आग दारूगोळ्यापर्यंत पोचली आणि स्फोटाने जहाजाची पिछाडी मूळ धडापासून तोडून टाकली. डेकवरची अवजड रेल्वे इंजिने उचलली जाऊन जहाजाच्या दोन्ही अंगांना समुद्रात फेकली गेली. ती आजही मुख्य सांगाड्यापासून थोड्या अंतरावर, तळाच्या वाळूत पडलेली आहेत. स्फोटाचा जोर किती होता हे सांगायला त्यांच्याइतका विश्वासार्ह साक्षीदार दुसरा नाही.

११/ त्या रात्री नऊ जण मरण पावले : चार व्यापारी खलाशी आणि पाच नौदलाचे गोलंदाज. वाचलेल्यांना कार्लाइलने उचलून घेतले. अँगस मॅक्ले नावाचा खलाशी स्वतःचा जीव वाचवता येत असताना जळत्या डेकवरून मागे फिरला आणि त्याने एका सहकाऱ्याला बाहेर काढले. त्याला पुढे जॉर्ज पदक आणि लॉइड्सचे सागरी शौर्यपदक मिळाले. कप्तान विल्यम एलिस यांनाही ओबीई हा किताब देण्यात आला.

१२/ व्यापारी खलाशी गणवेशातला सैनिक नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे लागते. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये रीत अशी होती, की जहाज बुडाले की त्या दिवसापासून खलाशाचा पगार थांबे. तराफ्यावर जीव मुठीत धरून काढलेले दिवस बिनपगारी गणले जात. त्या महिन्यात सरकारी हुकमाने ही रीत मोडली. थिसलगॉर्मवरून वाचलेले खलाशी या बदलानंतर अवघ्या पाच महिन्यांनी समुद्रात पडले.

१३/ स्फोटाच्या उजेडाने आणखी एक घात केला. जवळच नांगरलेली इतर जहाजे त्या उजेडात वैमानिकांच्या नजरेस पडली. दोनच रात्रींनी, ८ ऑक्टोबरला, विमाने परतली आणि त्यांनी 'रोझाली मोलर' हे कोळसा वाहणारे जुने जहाज बुडवले. आज तेही पाणबुड्यांना ठाऊक आहे. मात्र ते सुमारे ५० मीटर खोलीवर आहे आणि कोळसा पाहायला एवढ्या खोल जाणारे थोडेच. कोणत्या जहाजाची स्मृती टिकावी, हे कधीकधी पाण्याची खोली ठरवते.

१४/ थिसलगॉर्मचा माल ज्या सैन्याला हवा होता, त्या ब्रिटिश आठव्या सैन्याची स्थापना सप्टेंबर १९४१ मधलीच. टोब्रुकचा वेढा फोडण्यासाठी त्याची मोठी चढाई १८ नोव्हेंबरला सुरू झाली. भारतीय डिव्हिजन या आघाडीवर होत्या. जून १९४२ मध्ये टोब्रुक अखेर पडले, तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटणही होती. समुद्रतळाशी गेलेल्या प्रत्येक मालमोटारीचा हिशेब शेवटी वाळवंटातल्या अशाच कोणत्या तरी तुकडीच्या खाती लागत असे.

१५/ युद्ध संपले आणि जहाज विस्मृतीत गेले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रेंच समुद्रसंशोधक जाक-इव्ह कुस्तो 'कॅलिप्सो' या आपल्या जहाजातून तांबड्या समुद्रात आला. स्थानिक मच्छीमारांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्याने सांगाडा शोधला. 'शोध' हा शब्द येथे जपून वापरावा. जेथे जाळी अडकतात ती जागा मच्छीमारांना आधीपासून माहीत होती. कुस्तोने ती जगाला दाखवली.

१६/ कुस्तोच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटात हा सांगाडा दिसतो. १९५६ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पाण्याखालील जग प्रथमच रंगीत पाहणाऱ्या प्रेक्षकांना बुडालेल्या जहाजाची भूल पडली, ती बऱ्याच अंशी या दृश्यांमुळे. परंतु त्याच मोहिमेत जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटारसायकल वर काढण्यात आली. सांगाड्याची कीर्ती आणि सांगाड्यातून वस्तू उचलण्याची सवय, दोन्ही एकाच वेळी सुरू झाल्या.

१७/ कुस्तोने नेमकी जागा जाहीर केली नाही. पुढची काही दशके इतिहासानेही त्या जागेवर पहारा दिला. १९६७ च्या युद्धात सिनाई इस्राएलच्या ताब्यात गेले, सुएझ कालवा १९७५ पर्यंत बंद राहिला, आणि सिनाईचा बहुतेक प्रदेश इजिप्तला परत मिळाला तो १९८२ मध्ये. १९८३ मध्ये जवळच्या रास मोहम्मदला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. शर्म अल-शेख हे पर्यटनाचे शहर झाले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी थिसलगॉर्म पाणबुड्यांच्या नकाशावर कायमचे आले.

१८/ एवढी गर्दी याच सांगाड्याला का? पहिले कारण खोली. तळ सुमारे ३० मीटरांवर आहे आणि जहाजाचा वरचा भाग त्याहून बराच उथळ आहे. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या पाणबुड्याची मर्यादा साधारण १८ मीटर, तर पुढच्या टप्प्याची ३० मीटर असते. म्हणजे हौशी माणसाच्या आवाक्यात जहाज जवळपास संपूर्ण येते. दुसरे कारण ऊबदार आणि नितळ पाणी. तिसरे आणि निर्णायक कारण माल. बहुतेक सांगाड्यांत रिकामे लोखंड दिसते. येथे भरलेले गोदाम दिसते.

१९/ तरीही ही सहल सोपी नाही. सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार असतात. ३० मीटरांवर पृष्ठभागाच्या चौपट दाब असतो. श्वासातला नायट्रोजन त्या दाबाखाली शरीरात मुरत जातो आणि घाईने वर आल्यास रक्तात बुडबुडे धरतो. म्हणून तळाशी मिळणारी वेळ मिनिटांत मोजावी लागते. तुटलेल्या पिछाडीच्या भागात न फुटलेला दारूगोळा आजही आहे. त्याला हात लावायचा नाही, हा येथील पहिला नियम.

२०/ आता झिजेकडे वळू. पाणबुड्यांना घेऊन येणाऱ्या नौका वर्षानुवर्षे थेट सांगाड्यालाच दोर बांधत आल्या. लाटांवर हेलकावणारी नौका दोराला हिसके देते आणि ते हिसके ऐंशी वर्षे खाऱ्या पाण्यात गंजलेल्या लोखंडाला सोसावे लागतात. एका दिवसात अनेक नौका आल्या, की तोच कठडा अनेक दिशांना ओढला जातो. काही भाग असेच वाकले, तुटले आणि कोसळले. येथे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. प्रत्येक जण फक्त आपली नौका बांधत होता.

२१/ दुसरा शत्रू डोळ्यांना सुंदर दिसतो. पाणबुडे जहाजाच्या आत शिरतात तेव्हा त्यांच्या उच्छ्वासाचे बुडबुडे वर जाऊन छताखाली साचतात आणि हवेचे चंदेरी कप्पे तयार होतात. त्या हवेत ऑक्सिजन असतो. पाण्याखाली सावकाश गंजणारे लोखंड हवा आणि खारे पाणी जेथे मिळतात तेथे अधिक वेगाने गंजते. पाहायला आलेल्या माणसाचा श्वासच पाहण्याची वस्तू खातो, असा हा विचित्र व्यवहार आहे.

२२/ तिसरा शत्रू आठवणवस्तूंचा मोह. मोटारसायकलींचे हँडल आणि दिवे, मोटारींची सुकाणूचक्रे, उपकरणांच्या तबकड्या असे सुटे भाग हळूहळू नाहीसे होत गेले. नुकसान केवळ वस्तूचे होत नाही. मालमोटारींच्या हौद्यांत मोटारसायकली कशा बसवल्या, कोणती पेटी कशाखाली ठेवली, जागेचा एकेक हात कसा वापरला, याची नोंद म्हणजे तो रचलेला माल. गोदीतल्या हमालांनी रचलेला तो दस्तऐवज आहे. त्यातले एक हँडल काढणे म्हणजे दप्तरखान्यातल्या बखरीचे पान फाडून खिशात घालणे.

२३/ उपाय झाले नाहीत असे नाही. २००७ च्या अखेरीस 'हेप्का' या इजिप्शियन पर्यावरण संस्थेने सांगाडा काही काळ बंद ठेवून नौकांसाठी स्वतंत्र बांधणीच्या जागा उभारल्या आणि साचणारी हवा निसटावी म्हणून काही ठिकाणी छिद्रे पाडली. पण तळाशी ठेवलेले ठोकळे नौकांच्या ओढीपुढे हलके ठरले. दोन वर्षांच्या आतच ती व्यवस्था मोडकळीस आली आणि दोर पुन्हा जहाजाला बांधले जाऊ लागले. चांगल्या हेतूला वजनाचा हिशेबही जुळावा लागतो, हा त्यातला धडा.

२४/ २०१७ मध्ये संशोधकांनी निराळी वाट धरली. सांगाड्याची हजारो छायाचित्रे सर्व बाजूंनी घेऊन ती संगणकावर जोडली गेली आणि संपूर्ण जहाजाची त्रिमितीय प्रतिकृती तयार झाली. कधीही पाण्यात न उतरलेला माणूसही आता ते जहाज पाहू शकतो. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की पुढच्या प्रत्येक पडझडीची तुलना करायला एक निश्चित तारखेची नोंद हाती आली. प्रतिकृतीने गंज थांबत नाही. गंजाने काय नेले, हे मात्र सांगता येते.

२५/ कायद्याची स्थितीही विचार करायला लावणारी आहे. पाण्याखालील सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणासाठी युनेस्कोचा करार २००१ मध्ये झाला आणि इजिप्त २०१७ मध्ये त्यात सामील झाला. वारसा शक्यतो जागीच जतन करावा, त्याचा व्यापार करू नये, मानवी अवशेषांचा आदर राखावा आणि जबाबदारीने पाहायला येणाऱ्यांना मुभा द्यावी, ही त्याची तत्त्वे. परंतु करारातील व्याख्येनुसार वारसा ठरण्यासाठी वस्तू किमान शंभर वर्षे पाण्याखाली असावी लागते. थिसलगॉर्मची शंभरी भरेल ऑक्टोबर २०४१ मध्ये. तोवर काय शिल्लक राहील, हा प्रश्न लोखंडाला विचारावा लागेल.

२६/ म्हणून सांगाडा बंदच करावा का? वाटते तितके हे सोपे नाही. याच पर्यटनावर शेकडो नौकाचालक, मार्गदर्शक आणि खलाशी यांची घरे चालतात. पाणबुडे आले नसते, तर या जहाजाचे नावही कोणी घेतले नसते. रोझाली मोलरची स्थिती पाहिली की हे पटते. पाहणाऱ्यांमुळे जहाज स्मरणात आहे आणि पाहणाऱ्यांमुळेच ते झिजते आहे. एका वेळी किती माणसे उतरावीत, नौका कोठे बांधाव्यात, आत कोठवर जावे, असे रुक्ष वाटणारे नियमच या कोंडीतला व्यवहार्य मार्ग आहेत. गडकिल्ल्यांवरच्या गर्दीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला ही कोंडी परकी वाटू नये.

२७/ राहता राहिले ते नऊ जण. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, अशा दुसऱ्या महायुद्धातील सुमारे २४ हजार व्यापारी खलाशांची नावे लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर कोरलेली आहेत. त्या युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा खलाशी भारतीय होता. कोकणच्या खाड्यांकाठच्या गावांतूनही पिढ्यानपिढ्या माणसे या जहाजांवर गेली. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात मरण आलेल्या सहा हजारांहून अधिक भारतीय नाविकांची नामावली मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे आणि तिची दुसरी प्रत चट्टग्रामला आहे. मशीद बंदरच्या गजबजाटात ती पाहायला जाणारे मोजकेच.

२८/ थिसलगॉर्मला 'पाण्याखालचे संग्रहालय' म्हणण्याची प्रथा आहे. संग्रहालयात पहारेकरी असतो, वस्तूंखाली पाटी असते आणि दार रात्री बंद होते. येथे यांतले काहीच नाही. मोटारसायकलींचे छायाचित्र घेऊन वर येणाऱ्या पाणबुड्याने नौकेवर टेकल्यावर एवढे तरी आठवावे : त्याने नुकताच पाहिलेला माल कोणाच्या तरी वाटेकडे निघाला होता, वाट पाहणाऱ्यांपर्यंत तो पोचला नाही, आणि तो पोचवताना नऊ माणसे परतली नाहीत. एवढे आठवले, तर खाली दिसलेल्या एखाद्या सुट्या तबकडीकडे त्याचा हात जाणार नाही.